पाठटेकीची हाक

आयुष्यात एवढ्या खोड्या केल्यात मी, की मी नुसतं "बसा" म्हटलं तरी लोक आधी खुर्ची चाचपून बघतात. भावजी ताईला बघायला आले तेव्हा त्यांच्या खुर्चीखाली मी छोटा स्पीकर लपवला होता. ते बसले की बेडूक ओरडायचा, उठले की गप्प. बिचारे तासभर उठबस करत राहिले. तरी लग्न झालं, म्हणजे माणूस चांगला निघाला. स्पीकर माझे स्वतःचे, कारण धंदाच तो. सभा असो, शाळेचा कार्यक्रम असो, आवाज माझा.

पण एक खोडी अशी केली की तिचं हसू सव्वीस वर्षं घशात अडकून बसलं होतं. तीच सांगतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि सहाशे वर्षांनी शहाणी. ग्रंथालयात नोकरी. नोकरी संपली की दोरगल्ली. आमच्या भागात पूर्वी दोर वळायचे. शेड शंभर पावलं लांब आणि रुंदीला एवढीशी, की दोन जाडे समोरासमोर आले तर एकानं परत जावं. एका टोकाला मोठं लाकडी चाक. एकानं ते फिरवायचं. दुसऱ्यानं कमरेला तागाचं भेंडोळं बांधायचं, चाकाला धागा अडकवायचा आणि हातानं ताग सोडत मागं मागं चालत जायचं. पाठीला डोळे नाहीत, चाकाची करकर तर अशी की शेजारच्याचंही ऐकू येऊ नये. म्हणून या लोकांनी हाका ठरवलेल्या. लांबलचक, सुरातल्या. जोर लाव, सैल सोड, गाठ आली, अशा सतरा हाका. सतरावी पाठटेकीची. मागं चालणाऱ्याची पाठ पलीकडच्या भिंतीला टेकली की तो ओरडायचा, "पाठ टेकलीऽऽ!" चाकावरून उत्तर यायचं, "सोडलंऽऽ!" की दोर झाला.

मग नायलॉन आलं आणि दोरगल्लीत गाड्या पार्क व्हायला लागल्या. शेवटी एकच घर उरलं. दोरवाले आजोबा मागं चालायचे, त्यांची मुलगी चाकावर. ताईनं टेपरेकॉर्डर काखोटीला मारून त्यांच्या हाका जमवायला घेतल्या. एका हाकेला कधी एक टेप, कधी तीन. प्रत्येक टेपला नंबर, प्रत्येक नंबरला एक कार्ड. कार्डावर तारीख, हवा, कोण होतं, रेकॉर्डर कुठं ठेवला होता, सगळं. मी म्हणायचो, "ताई, आजोबांना सर्दी होती का तेही लिही." ती शांतपणे म्हणायची, "लिहिलंय."

सोळा हाका झाल्या आणि ताई ग्रंथालयातल्या शिडीवरून पडली. पाय सुजून टम्म.

"एक काम करशील?" तिनं मला विचारलं. मी तेव्हा बाविशीचा, रिकामटेकडा. "शेवटची हाक घेऊन ये. रेकॉर्डर चाकापाशी ठेव, बटण दाब आणि गप्प बस. गप्प बसता येत नसेल तर तोंडात रुमाल कोंब."

मी निघालो. खरंच निघालो हो. पण वाटेत मैदान लागलं आणि मैदानावर फायनल. संध्याकाळी मॅच संपली तेव्हा आठवलं, की खांद्याला रेकॉर्डर आहे.

आता सरळ माणूस काय करेल? दुसऱ्या दिवशी जाईल. मी मागच्या खोलीत गेलो, सायकल उलटी केली, पॅडल फिरवून चाकाची करकर काढली, गळ्याला टॉवेल आवळून म्हातारा आवाज लावला आणि ठोकून दिलं, "पाठ टेकलीऽऽ!" मग बायकी आवाजात, "सोडलंऽऽ!" स्वतःवरच इतका खूश झालो की चार वेळा घेतलं.

ताईनं ऐकलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. म्हणाली, "छान." कार्ड काढलं, नंबर टाकला. त्रेचाळीस.

आठवड्याभरात तिला सांगून खदाखदा हसायचं, असा बेत होता. पण ती इतकं 'छान' म्हणाली, की जीभ रेटेना. आणि तीन आठवड्यांनी आजोबा गेले.

झालं. शेवटची हाक जगातून गेली, आणि तिच्या जागी मी. उलट्या सायकलीसकट.

मध्ये सव्वीस वर्षं गेली. मी पोट वाढवलं, केस घालवले. ताईनं तेवढ्या वर्षांत त्या हाकांवर लिहिलं, लांबलांबून माणसं तिच्याकडं यायला लागली. टेप मात्र ती कुणाच्या हाती देत नसे, तुटतील म्हणून. मी त्या कपाटाकडं कधी फिरकलो नाही. चोर पोलीस चौकीवरून जातो तसा मी त्या कपाटावरून जायचो.

यंदा ग्रंथालयाला ती जुनी शेड मिळाली. तिथं ऐकण्याची खोली करायचं ठरलं. सतरा बटणं. बटण दाबा, हाक ऐका. रविवारी उद्घाटन, स्पीकर अर्थातच माझे. शुक्रवारी ताईची मुलगी, माझी भाची, दुकानात आली. सगळ्या टेप कॉम्प्युटरवर घ्यायचं काम तिच्याकडं.

"मामा, उद्घाटनाला एकच हाक वाजवायची. त्रेचाळीस नंबर."

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर चहात पडला.

"तीच का गं? सतरा आहेत की."

"सगळ्यांत स्वच्छ आलीये ती. काय आवाज लागलाय आजोबांचा! अगदी कानाशी बसून ओरडल्यासारखा. आणि त्यांची मुलगी येणारे ना, नर्सबाई. सव्वीस वर्षांनी वडलांचा आवाज ऐकणार. तू रडशील बघ."

"मी आत्ताच रडतोय," मी म्हटलं.

ती हसत गेली. माझं रडू मात्र चेष्टेतलं नव्हतं. मोठी माणसं येणार, त्यातला एक जरी कानाचा पक्का निघाला तरी ताईचं नाव मातीत. लोक म्हणतील, एक खोटी तर बाकीच्या सोळा कशावरून खऱ्या? आणि कुणालाच कळलं नाही तर ते जास्त वाईट. ती बाई माझ्या आवाजाला बाप समजून घरी जाईल.

शनिवारी सकाळी बायको म्हणाली, "तुम्हाला बरं नाहीये का?"

"का?"

"कालपासून माझ्या चपला जागेवर सापडतायत."

शेडमध्ये वायरी टाकताना मी मनाशी एक कारस्थान शिजवलं. स्पीकरच्या वायरीत मध्येच एक गुप्त बटण घालायचं. उद्या हाक सुरू व्हायच्या आत मी ते पायानं दाबणार, खोलीभर शांतता, मी हात जोडणार, माफ करा, यंत्र दगा देतं. माझा धंदा बुडाला तरी चालेल. बटण बसवलंसुद्धा, लाकडी फळीखाली.

दुपारी ताई आली आणि तिच्यामागं नर्सबाई. पांढरे केस, ताठ चाल. हातात फडक्यात गुंडाळलेली चाकाची जुनी मूठ, खोलीत ठेवायला आणलेली. मूठ बोटांनी झिजून कमरेत बारीक झालेली.

"नीट ऐकू येईल ना रे उद्या?" त्यांनी मला विचारलं. "चेहरा आठवतो, घरात फोटो आहे. आवाज मात्र हातातून सुटत चाललाय. मध्ये तर महिनाभर आठवेचना."

मी फळीवर उभा होतो, बटणाच्या बरोबर वर. मी तिथंच मटकन बसलो.

"ताई, त्रेचाळीस नंबर लावू नको."

"का रे?"

"तो मी आहे."

मी सगळं ओकून टाकलं. मॅच, सायकल, टॉवेल, बायकी आवाज. सांगताना मान वर केली नाही. शेवटी म्हटलं, "नर्सबाई, तुमच्या वडलांची शेवटची हाक माझ्यामुळं गेली. चपलेनं मारा."

नर्सबाई गोंधळून ताईकडं वळल्या. "हा काय बोलतोय? मग त्या हातगाडीचं काय?"

"कसली हातगाडी?" मी विचारलं.

"अरे, दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं निरोप धाडला, रेकॉर्डिंग पुन्हा करायचंय, पाय टेकत नाहीये. मग मीच तागाची हातगाडी घेऊन आले तुमच्या दारात, तू कुठं उंडारायला गेला होतास. हिला गाडीत बसवली आणि ढकलत नेली शेडपर्यंत. अख्खी गल्ली हसत होती. बाबा चार खेपा चालले तिच्यासाठी."

मी ताईकडं बघितलं. ताई छताकडं बघत होती. तिच्या ओठांचा कोपरा मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी तिच्याकडूनच शिकलोय ना सगळं!

"चव्वेचाळीस नंबर," ती म्हणाली. "उद्या तीच लागणारे."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या श्वासाला. अरे मूर्खा, दोरवाला मागं मागं जातो. पाठ टेकते तेव्हा तो शंभर पावलं लांब असतो. आवाज पार तिकडून येतो, बारीक होऊन. तुझे आजोबा माइक गिळून बसलेत. म्हणे स्वच्छ!"

"आणि सव्वीस वर्षं एक शब्द बोलली नाहीस?"

"तू बोललास?"



"वाट बघत होते," ताई म्हणाली. "आज सांगेल, उद्या सांगेल. सुंभ जळायला आला, डोक्यावरचे केस गेले, पण पीळ काही सुटेना. मग काल म्हटलं, लेकीला पाठवून थोडा चटका देऊ."

म्हणजे भाचीसुद्धा सामील! घराणंच बदमाश. मी तिथंच जमिनीवर आडवा झालो आणि हसत सुटलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सव्वीस वर्षं डोक्यावर हंडा घेऊन चालत होतो, मान आखडली होती, आणि आज कुणी आत डोकावून म्हणतंय, अहो, रिकामा आहे! अंग इतकं हलकं झालं की उठायला भीती वाटली, छताला लागेन म्हणून.

"मग ती त्रेचाळीस फेकून का नाही दिलीस?" मी विचारलं.

ताईनं पर्समधून कार्ड काढून दिलं. तिचं बारीक, सरळ अक्षर: 'आवाज: भाऊ. चाक: सायकल. अभ्यासासाठी वापरू नये. जपून ठेवावी.' खाली आणखी एक ओळ: 'शेवटी बाबा.'

तिनं फोनवर ती लावली. माझा टॉवेलमधला म्हातारा आला, चार वेळा किंचाळला. नर्सबाई तोंडाला पदर लावून गदागदा हलायला लागल्या. "हे माझे बाबा? यांना तर दवाखान्यात न्यायला हवं!" मग चौथ्या हाकेनंतर, भिंतीपलीकडून, लागोपाठ तीन शिंका. आमच्या बाबांच्या. तीनच, कायम तीनच. आणि त्यांचा आवाज, "कोण बोंबलतंय रे तिकडं? दार लावून घ्या!"

बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांचा आवाज घरात दुसरा कुठंच नाही.

आम्ही त्या शिंका अकरा वेळा ऐकल्या. मग मी फळी उचकटून ते गुप्त बटण काढलं. ताईनं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "काही नाही, जास्तीचं होतं."

रविवारी शेड भरली. भाषणं झाली, माइक एकदाही कुईं वाजला नाही. मग चव्वेचाळीस लागली. चाकाची करकर, त्यावर पावलं, आणि आजोबांचा आवाज एकेका हाकेला लांब लांब जात राहिला. सवयीनं माझा हात आवाज वाढवायच्या खुंटीकडं गेला. ताईनं चापटी मारली.

"राहू दे. जाऊ दे त्यांना लांब."

मी हात मागं घेतला. खोलीतला एकही माणूस खोकला नाही. मग पार तिकडच्या भिंतीपाशी असल्यासारखी, सुतासारखी बारीक हाक आली, "पाठ टेकलीऽऽ..."

आणि टेपमधलं उत्तर यायच्या आत पहिल्या रांगेतून नर्सबाई उभ्या राहून खणखणीत ओरडल्या, "सोडलंऽऽ!"

मग स्वतःच दचकून खाली बसल्या. बसण्याआधी मात्र त्यांनी माझ्याकडं बघत खुर्ची चाचपली.