किल्ली नसलेलं दार

समुद्रासमोरच्या त्या मोकळ्या जागेत आता गाड्या लावतात. तिथे एके काळी भलंमोठं हॉटेल होतं असं सांगितलं, तर नवी माणसं हसण्यावारी नेतात. नेईनात का. कडेच्या बाकावर रोज संध्याकाळी एक म्हातारा येऊन बसतो, त्याला विचारा. तो त्या हॉटेलचा दारवान होता. गावात त्याला सगळे सलामकाका म्हणत, कारण उभ्या आयुष्यात त्याने केलं काय, तर दार उघडलं आणि सलाम ठोकला.

विचारणाऱ्याला तो अगदी पहिल्यापासून सांगतो. हॉटेल बांधणारा मालक मोठा हौशी, आणि हौसेपुढे कुणाचं ऐकायचा नाही. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांदेखत त्याने पुढच्या दाराची किल्ली समुद्रात भिरकावली. हे दार कधी बंद होणार नाही, म्हणाला. लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि बरीच वर्षं ते खरंही ठरलं. गच्चीवर बँड वाजायचा, तळघरात गरम केलेल्या समुद्राच्या पाण्याची स्नानगृहं होती, नाचाच्या दालनातली झुंबरं पुसायलाच वेगळी माणसं ठेवलेली. पाहुणे यायचे पुढून. नोकर आणि नोकरांच्या घरची माणसं मागून, स्वयंपाकघराच्या दाराने. हा नियम दारवानाच्या अंगात इतका मुरला होता की पायरीवर आलेलं मांजरसुद्धा तो मागच्या बाजूलाच हाकलायचा.

मग माणसं विमानाने लांबच्या किनाऱ्यांवर जायला लागली आणि हॉटेलला उतरती कळा लागली. आधी बँड गेला, मग झुंबरं पुसणारे, शेवटी आचारी. मालकाच्या नातवाने हॉटेल बंद करायचं ठरवलं, आणि तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की पुढच्या दाराला किल्लीच नाही. पाडायच्या इमारतीला नवं कुलूप कशाला, म्हणत नातवाने दारवानाला दिवसाच्या राखणीला बसवलं. रात्री दुसरा पहारेकरी यायचा. बाकीची सगळी दारं दारवानाने स्वतः लावली, किल्ल्यांचा जुडगा कोटाच्या खिशात टाकला आणि हिवाळाभर तो त्या उघड्या दारात बसून राहिला.

गोष्ट तो इथवरच सांगतो. पुढचं सांगत नाही.

पुढचं असं. इतकी वर्षं तो हॉटेलातच जेवायचा. आता स्वयंपाकघर बंद, म्हणजे जेवणाची पंचाईत. बायको म्हणाली, मी डबा आणून देते. तिला ते हॉटेल आतून बघायची भारी हौस. लग्न झाल्यापासून ती झुंबरांबद्दल विचारायची आणि तो, नेईन एकदा, म्हणून वेळ मारून न्यायचा. त्या दुपारी ती ठेवणीतला निळा स्वेटर घालून आली. पायऱ्या चढली. पायपुसण्यावर तिने पाय पुसले, चांगले दोनदोनदा. आत चिटपाखरू नव्हतं. दारवान खुर्चीतून उठला, कोट ओढून सारखा केला आणि म्हणाला,

"बाई, मागच्या दाराने या."

स्वतःच्या बायकोला. ओसाड हॉटेलात. तोंडातून गेलं ते गेलं. ती पायऱ्या उतरली आणि इमारतीला वळसा घालून मागे गेली. तो वाट बघत बसला. आता येईल, मग आधी झुंबरं दाखवू आणि नंतर जेवू, असे मनात बेतही करत बसला. बऱ्याच वेळाने त्याचा हात खिशातल्या जुडग्याला लागला आणि त्याला आठवलं, मागचं दार आपणच लावलंय. तो धावत मागे गेला. बंद दारासमोर, पायरीवर, डबा ठेवलेला होता. बायको निघून गेली होती.

संध्याकाळी भरलेला डबा घेऊन तो घरी आला. तिने तो हातातून घेतला, जेवण गरम केलं, वाढलं. "दार बंद होतं," एवढंच म्हणाली. उद्या ये, पुढून ये, हे शब्द त्याच्या ओठांवर आले आणि घासाबरोबर पोटात गेले. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच डबा भरून त्याच्या हातात द्यायला लागली. आज बोलू, उद्या बोलू करता करता हिवाळा सरला आणि पाडणारी यंत्रं आली. त्यानंतरही दोघांनी पुष्कळ वर्षं चारचौघांसारखा संसार केला, भांडणं केली, मिटवली. हे एक भांडण मात्र कधी झालंच नाही, मग ते मिटणार कसं? आता तीही नाही. घर खायला उठतं, म्हणून तो बाकावर येऊन बसतो.

परवा फिरायला आलेल्या एक बाई त्याच्याशेजारी बसून सगळं ऐकत होत्या. किल्लीच्या गोष्टीला त्या पोट धरून हसल्या. मग सहज म्हणाल्या, "तुमच्या घरच्यांनी पाहिलं असेल ना हॉटेल आतून?"

म्हातारा बाकावर ताठ बसला.

"आली होती की," तो म्हणाला. "पुढच्या दाराने. निळा स्वेटर घातला होता, हातात डबा होता. मी दार धरून उभा राहिलो."

"आणि झुंबरं बघून काय म्हणाल्या?"

इथे त्याचं खोटं संपलं. दारापर्यंतचं सगळं त्याने इतक्या वर्षांत मनाशी रचून ठेवलं होतं. आत गेल्यावर ती काय बोलली असती, हे त्याला माहीतच नव्हतं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, येतो म्हणाला, आणि गाड्यांच्या रांगांना वळसा घालून मागच्या रस्त्याने घराकडे निघाला.