आतल्या बांधाच्या फळ्या

मार्येलने गावच्या सभागृहात पडदा लावला, तेव्हा क्राइन मागच्या रांगेत कॉफी घेऊन बसला होता. पन्नास वर्षांपूर्वी समुद्र बांध फोडून गावात शिरला होता. त्या रात्रीचा वारा, भरती आणि लाटा या मुलीने संगणकात पुन्हा चालवल्या होत्या. कुठल्या घरात पाणी केव्हा शिरलं, ते पडद्यावर निळं होत जाताना दिसे. म्हातारी माणसं हौसेने आपापलं घर विचारत होती, जत्रेत हात दाखवावा तशी.

"आमचं दाखव," लेन्डर्ट म्हणाला.

कुजबुज थांबली. त्या रात्री लेन्डर्ट सोळा वर्षांचा होता आणि धाकटी बहीण नेल्त्ये त्याच्या भरवशावर घरात झोपली होती. तो गायी सोडायला गोठ्यात गेला, पाणी एकदम आलं, घरापर्यंत परत पोचता आलं नाही, नेल्त्ये बुडाली, असं तो आयुष्यभर सांगत आला होता. गावाने ते मानलं होतं. निदान तोंडावर तरी.

पडद्यावर पाणी समुद्रबांधामागच्या दुसऱ्या, आतल्या बांधाला अडलं. चहूकडे निळं झालं, तरी लेन्डर्टचं अंगण बराच वेळ कोरडंच राहिलं.

"चांगला तासभर मिळाला की रे," बेकरीवाला आद्री म्हणाला. "गायींची वेणीफणी करत होतास काय?"

कुणीतरी हसलं. लेन्डर्टने हातातली टोपी चुरगळली. "पाणी एकदम आलं," तो म्हणाला.

मार्येल ओशाळली. "आजोबा, एक गोष्ट मी गृहीत धरलीय. आतल्या बांधात रस्त्यासाठी खिंड होती. वादळात ती फळ्या लावून बुजवायचे. मी ती बुजवलेली धरली. उघडी राहिली असेल, तर पाणी थेट तुमच्याच अंगणात घुसणार, बघता बघता. कुणाला आठवतं का?"

माना क्राइनकडे वळल्या. बांधाची राखण त्याच्या वडिलांकडे होती. लोकांना उठवत फिरताना ते बुडाले; चौकातल्या स्मारकाच्या दगडावर पहिलं नाव त्यांचंच.

क्राइनला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्यांना शोधत बांधावरच्या खोपटात गेला होता. फळ्या तिथंच होत्या, भिंतीला नीट रचलेल्या, कोरड्या ठाक.

"लावल्या होत्या," तो म्हणाला. "बाबांनी स्वतः."

"तुझे बाबा विसरणाऱ्यातले नव्हतेच," लेन्डर्ट हळूच म्हणाला. त्याने क्राइनकडे पाहून मान लववली, आभार मानावेत तशी. "अंधार होता. मलाच तसं वाटलं असेल."

आद्रीच्या बायकोने दालचिनीच्या चिकट पावांची थाळी फिरवायला घेतली. लेन्डर्टपाशी आली आणि त्याला ओलांडून पुढे गेली.

लोक उठू लागले, तसा लेन्डर्ट पडद्याजवळ गेला.

"पोरी, अजून एकदा लाव. जरा हळू."

क्राइनने कोट चढवला. दारातून त्याने मागे पाहिलं. गोठ्यापासून घरापर्यंतच्या कोरड्या जमिनीवरून लेन्डर्ट बोट चालवत होता. पोचत होता, आणि पुन्हा गोठ्याकडून निघत होता.