बांधणीवरचा माणूस

"थांब जरा," भिवाजी म्हणाला. चाकू मातीत टोचून त्यानं छातीवर हात ठेवला.

प्रेमलता त्याच्या मागं दोन रोपं सोडून बसली होती. भैय्याजींच्या नर्सरीत संत्र्याची कलमं बांधायचं काम चाललं होतं. भिवाजी पुढं सरकत जंबेरी या रानलिंबाच्या रोपाची साल चिरायचा, संत्र्याच्या काडीवरून सालीसकट कोंबाचा डोळा उतरवून त्या चिरेत सरकवायचा, आणि प्रेमलता मागून केळीच्या सोपटाची ओली पट्टी गुंडाळून गाठ मारायची. लग्नानंतरचे एकवीस हिवाळे नवराबायकोनं असेच उकिडवे बसून काढले होते.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई नाई. आतमंधी मांजरीचं पिलू पोत्यात घातल्यावानी होऊन राहिलं."

"काल बाजार होता."

"बाजाराचं काय त्यात?"

तिनं हातातली गाठ ओढली. भिवाजी पाणी प्यायला म्हणून उठला, चार पावलं चालला आणि वाफ्याच्या कडेला आडवा झाला.

शुद्ध लगेच आली, पण चेहरा राखेसारखा पडला होता. भैय्याजी धावत आले. त्यांनी त्याला स्वतः बसमध्ये बसवलं आणि प्रेमलताला सौसरच्या डॉक्टर अरविंदांकडं जायला सांगितलं.

सौसरपासून पांढुर्ण्यापर्यंत भिवाजीचं नाव होतं. त्यानं बसवलेल्या शंभर डोळ्यांतले पंच्याण्णव लागायचे. बोरगावचे मोठे बागाईतदार आपली रोपं चाकूजोगी झाली की आधी त्याची तारीख विचारायचे, मग आपली ठरवायचे. पिण्यातही त्याचं नाव होतं. लोधीखेड्याच्या बाजाराच्या दिवशी तो मोहाची इतकी प्यायचा, की परतताना वाटेत शेळ्यांचा कळप दिसला तर रस्ता सोडून बाजूला उभा राहायचा आणि एकेकीला रामराम घालायचा. एकदा थंडीत अंगावरचं घोंगडं त्यानं कुणाच्या तरी वासरावर टाकलं आणि घरी येऊन प्रेमलतालाच विचारलं, "माहं घोंगडं कुठं गेलं वं?" तिला हसू यायचं. हसून झालं की काळजी वाटायची. कारण इतर दिवशीही सकाळी अर्धा पेला घेतल्याशिवाय त्याची बोटं ठरत नसत. आधी मजा म्हणून घेत होता, आता हात बसावा म्हणून घ्यावी लागत होती.

डॉक्टरांनी नळी लावून घड्याळाकडं बघत आधी छाती मोजली, मग मनगट, मग पुन्हा छाती. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"छातीत एकशेचाळीस ठोके लागतात आणि मनगटात शंभर. मधले चाळीस कुठं गेले?"

"मी नाई घेतले, सायेब," भिवाजी म्हणाला.

डॉक्टर हसले. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "ठोका पडतो, पण रिकामा पडतो. हृदय रक्तानं भरायच्या आतच आवळतं, त्यामुळं पुढं काही जात नाही. म्हणून तुम्ही पडलात. आणि ठोक्यांत काही मेळही नाही. हे कधीपासून होतं?"

"कधीमधी होते," भिवाजी म्हणाला.

"कधीमधी नाई," प्रेमलता दाराजवळून बोलली. "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी होते. पोयाच्या दुसऱ्या दिवशी झालतं. आमच्या सुमनच्या लग्नात वरात आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी झालतं. मंधात नाई होत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मला जे सांगायचं होतं ते बाईंनीच सांगितलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. खूप दारू पोटात गेली की हृदयाचा ताल बिघडतो. आज बिघडतो आणि दोन दिवसांत जागेवर येतो. पुढं पुढं येईनासा होतो. हृदय फुगतं, सैल पडतं. त्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडं गेली तर अर्धं अंग लुळं. "आत्ता सोडली तर ठोका सुधारेल. आणखी चार वर्षांनी सोडाल, तर तेव्हा मी काय सांगू? आणि घरी बसून एकदम सोडायची नाही. अंगात कापरं भरतं, झटके येतात. इथंच पाच-सहा दिवस राहा."

"सायेब, मी सोडीन," भिवाजी म्हणाला. "पन मंग हात नाई चालनार माहा."

"हात महिन्या-दोन महिन्यांत स्थिर होईल. थोडा धीर धरा."

"झाडाची साल थांबत नाई ना पन, महिन्याभरात लाकडाले चिकटते," तो हळूच म्हणाला.

सहा दिवस तो दवाखान्यात राहिला. पहिले तीन दिवस वाईट गेले. तो घामानं न्हायचा आणि भिंतीवर मुंग्या चालताना बघायचा. प्रेमलता त्याच्या खाटेखाली पोतं टाकून झोपली. नंतर नागपूरला जाऊन ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढून आणली, गोळ्या सुरू झाल्या. निघताना डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाई, मोजता येतं?"

"वीसपर्यंत येते."

"मग मोजू नका. रोज सकाळी त्यांचं मनगट धरा आणि ठोका सारखा पडतो का तेवढं बघा. वेडावाकडा लागला, तर पहिल्या बसनं घेऊन या."

घरी परतल्यावर भिवाजी पहिल्याच दिवशी नर्सरीत गेला. चाकू धरला आणि बोटं वाऱ्यातल्या पानासारखी हलू लागली. साल चिरायची तिथं लाकूड चिरलं गेलं. त्यानं उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला, मनगट गुडघ्यावर टेकवून पाहिलं. दुपारपर्यंत साठ रोपं जखमी झाली. शेजारच्या रांगेतले मजूर मान वर न करता आपापलं काम करत राहिले. त्यांनी बघितलं असतं तर बरं, असं प्रेमलताला वाटलं.

भैय्याजी चांगला माणूस होता. त्यांनी रोपांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले, भिवाजीजवळ बसले आणि धोतराच्या ओच्यातून मोहाची पाव बाटली काढून मातीवर ठेवली.

"भिवाजी, काड्या कापून आनल्या आहेत, पंधरा दिवसांत वाळून जातील. जंबेरीची सालही सुटून राहिली आहे, पुढच्या महिन्यात नाही सुटनार. दवाई समजून दोन घोट घे. तेवढा हात बसू दे. सीझन झाला की सोड, मीच तुला दवाखान्यात घेऊन जातो."

भिवाजी बाटलीकडं बघत होता. मग त्यानं प्रेमलताकडं पाहिलं. त्या नजरेत मागणं होतं आणि लाजही होती.

"दोनच घोट, सुमनची माय," तो म्हणाला. "लोक काय म्हनतील मले? वीस-बावीस वर्सांचं नाव हाय."

प्रेमलता उठली. तिला वाटलं, बाटली फेकून द्यावी. पण भैय्याजींनी मायेनं आणलेली वस्तू. तिनं ती उचलून त्यांच्याच हातात परत दिली.

"भैय्याजी, यानं याइचा हात बसन, अन् छाती उठन. मले हात नाई पायजे."

मग ती भिवाजीच्या जागेवर जाऊन बसली आणि मातीतला चाकू उपसून घेतला.

"तू काय करतं?" भिवाजीनं विचारलं.

"तुमी सांगा. मी चिरतो."

"बायका कुठं डोया बसवतात?"

"बांधतात तर बायकाच ना? तुमचा डोया लागला का नाई, हे माह्या गाठीखालीच समजते."

बाटली ओच्यात घालून भैय्याजी विहिरीकडं निघून गेले.

पहिल्या दिवशी तिनं चाळीस डोळे बसवले. चाकू नको तिथं घसरला, अंगठा कापला, काढताना डोळ्यांचं पोट फाटलं. भिवाजी शेजारी बसून सांगत होता. आधी शिकवत होता, मग ओरडला, मग पुन्हा शिकवू लागला. "दाबू नको. सालच तुले सांगन कुठं सुटाचं ते." संध्याकाळी त्यानं नकळत पट्टी उचलली आणि तिनं बसवलेल्या डोळ्यावर गुंडाळून गाठ मारली. हात हलत होता, पण गाठ बसली. बांधणीला तेवढा थरकाप चालतो. त्यानं पुढच्या रोपाला बांधली, मग त्याच्या पुढच्या.

दुसऱ्या दिवसापासून ती पुढं आणि तो मागं, असं काम सुरू झालं. बाईच्या मागं बसून बांधणीचं काम करणारा भिवाजी बघायला बोरगावहून दोघंतिघं मुद्दाम आले. एकानं विचारलंच, "काय भिवाजी, बढती झाली वाटते?"

भिवाजीनं गाठ ओढली. "हो ना. आता साल चिरनारीन ठेवली हाय मी," तो म्हणाला आणि पुढं सरकला. पण त्या दुपारी त्यानं भाकरी खाल्ली नाही, आणि प्रेमलतानंही आग्रह केला नाही.

महिन्याभरानं डोळे तपासायचा दिवस आला. डोळ्याखाली राखलेल्या पानाच्या देठाला बोट लावायचं; देठ टपकन गळला तर डोळा लागला, चिकटून राहिला तर वाळला. पहिल्या चाळिसांतले नऊच लागले होते. पण दुसऱ्या आठवड्यातल्या रांगेत भिवाजी बोट लावत गेला आणि देठ गळत गेले. शंभरात एक्काहत्तर. तो रांगेच्या टोकाला पाठमोरा उभा राहिला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काई नाई. पुढच्या साली पंच्याऐंशी होतीन," तो म्हणाला.

तो त्र्याऐंशीचा हिवाळा. उन्हाळ्यापर्यंत भिवाजीची बोटं बरीच ठरली. सकाळी चहा झाला की प्रेमलता ओसरीवर त्याचं मनगट धरून बसायची. शेजारच्या उर्मिलाबाई पाणी भरायला जाताना म्हणायच्या, "या वयात हात धरून बसता व्हय?" प्रेमलता लाजायची, पण सोडायची नाही. भिवाजी डोळे मिटून विचारायचा, "काय म्हनते?" ती म्हणायची, "सारका चालून राहिला, बैलावानी."

पोळ्याला मात्र तो घसरला. बैल मिरवून झाल्यावर जुन्या सोबत्यांनी घेरलं आणि तोही नाही म्हणाला नाही. दुसऱ्या सकाळी तिनं मनगट धरलं आणि बोटांखाली नुसती चेंगराचेंगरी लागली. तिनं भाकरी बांधल्या, त्याच्या अंगात सदरा घातला आणि पहिल्या बसनं सौसरला नेलं. बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून बसला होता.

"बोल ना काई," तो म्हणाला. "शिव्या तरी दे."

"तुमी आंगठा कापला तवा मी शिव्या देल्त्या का?"

"आंगठा तुहा कापला होता."

"मंग तुमी देल्त्या का?"

चार दिवसांनी ठोका जागेवर आला. पण डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून बघितला आणि हृदय थोडं फुगलं असल्याचं सांगितलं. भिवाजीनं त्यानंतर दारूला हात लावला नाही. सोबती हाक मारायचे, तो लांबूनच रामराम करायचा.

हात ठरल्यावर भैय्याजींनी त्याला पुन्हा पुढं बसायला सांगितलं. त्यानं एक रांग केली, छान केली. मग धाप लागली म्हणून मागं गेला आणि मागंच राहिला. तोवर प्रेमलताचे नव्वद लागू लागले होते. तो बांधता बांधता तिला सुमनच्या पोराच्या गोष्टी सांगायचा, तिच्या चिरेतल्या खोडी काढायचा, आणि कुणी कलमवाल्याची चौकशी करत आलं की हनुवटीनं पुढं दाखवायचा.

अशी आणखी चार वर्षं मिळाली.

अठ्ठ्याऐंशीच्या फेब्रुवारीतली सकाळ होती. प्रेमलता पुढं चिरत चालली होती. मागून भिवाजी म्हणाला, "सुमनचं पोरगं आता माह्या कंबरेला लागते." ती म्हणाली, "तुमीच वाकले." त्यावर त्याचं उत्तर आलं नाही. ती आणखी आठ-नऊ रोपं पुढं गेली आणि वळून बघितलं. मागची अकरा रोपं उघडी होती. भिवाजी बांधाला टेकून बसला होता, मान कलती, बोटांत एक ओली पट्टी.

तिनं जाऊन त्याचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मग मजुरांना हाक मारली.

भैय्याजी आले. गाडी जुंपायला माणूस पळाला. चौघांनी भिवाजीला उचलून चिंचेखाली नेलं. प्रेमलता त्यांच्यामागं गेली, त्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसली, आणि परत येऊन अकरा रोपांतल्या पहिल्या रोपाशी बसली.

"राहू दे बाई आज," भैय्याजी म्हणाले.

"डोये वाळतीन," ती म्हणाली.

ते तिथंच उभे राहिले. तिनं एकेक पट्टी घेतली, डोळा उघडा ठेवून वरखाली गुंडाळली, गाठ मारली, अंगठ्यानं दाबून बघितली आणि पुढं सरकली. अकरावी गाठ झाल्यावर तिनं उरलेल्या पट्ट्यांची भिजकी जुडी झटकून काखेत धरली आणि गाडीकडं चालू लागली.