सहादूची पळती फियाट

"मामा, हिचं निम्मं इंजिन झोपलेलंच हाय," बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरलेला जावई आतूनच बोलला. "उठवू का?"

सहादू हातात चहाचा कप धरून उभा होता. ते इंजिन आपण मुद्दामच झोपू दिलंय, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जावयाला नाही म्हणायची चाल त्याच्या सात पिढ्यांत नव्हती. तो म्हणाला, "तुमी म्हनता तर उठवा, पाव्हनं. आदी च्या घ्या."

तिथंच घात झाला.

सहादूचा जन्म शेवगावच्या कचेरीत जीप हाकण्यात गेला. सगळ्या साहेबांना कुठं ना कुठं लवकर पोचायचं असे. म्हणून एका डॉक्टरची जुनी फियाट स्वतःसाठी घेतली, तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं, हिला घाई करायची नाही. आणि शब्द पाळला म्हणजे किती पाळावा! गावात म्हणच पडली होती, काम असेल तर पायी जा, नसेल तर सहादूच्या गाडीत बसा. एकदा म्हणे चालत्या गाडीच्या टपावर चिमणीनं घरटं बांधलं आणि गाडी बाजारतळावर पोचेस्तोवर अंडी घातली. पिल्लंही उडाली असं सांगणारे आहेत, पण तेवढं काही खरं नसावं.

हसायचं तर हसा. पण याच गाडीला वर्षातून एक दिवस असा मान होता की नव्याकोऱ्या गाड्यांनी बघत राहावं. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची तसबीर तिच्या टपावर चढायची. निळं कापड, झेंडूच्या माळा. पुढं पांढऱ्या साड्यांतल्या बाया, मागं सगळी वस्ती. आणि सहादूच्या बाजूच्या खिडकीवर हात ठेवून चालायची कडूबाई.

कडूबाई वस्तीतली सगळ्यांत थोरली. गुडघे केव्हाच गेलेले, पण काठी धरायची नाही ही जिद्द. ती थांबली की गाडी थांबे, तिनं पाऊल उचललं की गाडी हले. सगळी मिरवणूक तिच्या पावलानं पुढं सरके. "माजी काठी पेट्रोल पिती," ती सगळ्यांना सांगायची. वर्षभर दुसरं काही सांगण्यासारखं तिच्याकडं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर सहादूकडंही नव्हतं.

जावई संदीप मात्र सोन्यासारखा. नगरला एका कारखान्यात लेथवर होता. त्याच्या लग्नाच्या वरातीत हीच फियाट होती आणि तिला एका बैलगाडीनं मागं टाकलं होतं. मित्र हसले. ते हसणं त्यानं सासऱ्याच्या वतीनं काळजाला लावून घेतलं. मग मोबाईलवर बघून बघून, थोडक्या खर्चात जुन्या इंजिनात जीव कसा घालायचा, याचा त्यानं अभ्यास केला. दुसऱ्यांचे जावई सासुरवाडीला येताना पेढे आणतात. हा पिशवीतून इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारा कार्ब्युरेटरचा मोठा जेट घेऊन येई.

आधी त्यानं प्लगला ठिणगी देणारे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक जोडणी बसवली. गाडी एका किल्लीत चालू झाली तेव्हा सहादूही खूश झाला. मग हवेचा पत्र्याचा डबा गेला, उघडा फिल्टर आला. सायलेन्सर बदलला, तशी शेजारच्या म्हशीनं दोन दिवस धार दिली नाही. "हा नुसता पयला टप्पा हाय, मामा," संदीप म्हणायचा. त्याच्या तोंडावरचा आनंद बघून सहादू पुढचं बोलणं गिळून टाकायचा.

एका रविवारी संदीपनं इंजिनच्या पाठीचं जड चाक, फ्लायव्हील, काढून नगरला नेलं. लेथवर धरून त्याचं भरपूर लोखंड उतरवलं आणि हलकं करून परत बसवलं. "आता बघा कशी झेप घेती!"

रात्री जेवताना सहादूनं ते बायकोला समजावून सांगितलं. बनाबाईचा घास हातातच राहिला.

"म्हंजी जातं हलकं केल्यावानी झालं की! वरची जड तळी एकदा फिरली का फिरत ऱ्हाती. हलकीला सारखं ढकलावं लागतं."

"मग सांग की त्यान्ला."

"मी? सासू जावयासंगं वाद घालती व्हय? तुमी सांगा."

"मी सांगितलं तर आपल्या पोरीला वाईट वाटंल."

"मग जेवा गप."

तरी सहादूनं जयंतीच्या आदल्या दिवशी धीर करून विचारलंच, "पाव्हनं, हळू चालंल ना ही?"

संदीप मोकळेपणी हसला. "मामा, पळनाऱ्याला चालायला काय अवघड?"

सहादूला बोलणं खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना मिरवणूक निघाली. तसबीर टपावर, माळा बॉनेटवर, कडूबाईचा हात खिडकीवर. सहादूनं नेहमीसारखा क्लच अलगद सोडला. गाडी खोकली, थरथरली आणि एकदम पुढं उसळून बंद पडली. कडूबाईचा हात सुटला, दोन बायांनी तिला सावरलं.

"आरं सहादू, म्हातारीला शर्यतीला काढलं का काय?" ती हसत म्हणाली आणि पुन्हा हात ठेवला.

सहादूनं गाडी पुन्हा चालू केली. इंजिन बंद पडू नये म्हणून जरा जास्त पाय दिला. गाडीनं अशी डरकाळी फोडली की बाया बाजूला झाल्या. पाय उचलला तर धाप लागून मेली. पाय दिला तर उधळली. मधलं काही तिच्यात उरलंच नव्हतं. संदीप स्क्रू ड्रायव्हर घेऊन बॉनेटशी धावला, काहीतरी फिरवलं, पुन्हा फिरवलं. त्याच्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. तिसऱ्या हिसक्याला टपावरची तसबीर कलली. मंडळाचा अध्यक्ष नितीन झेप घेऊन तिला धरून उभा राहिला, म्हणून निभावलं.

कडूबाई आता हसत नव्हती. तिनं हात पोटाशी घेतला होता.

नितीन खिडकीशी वाकला. "सहादूनाना, वाईट वाटून घिऊ नका. तसबीर पडली तर?"

सहादूनं स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले.

"गोरक्षचा ट्रॅक्टर हाय मागं. तेवढं हे वरीस..."

"घ्या," सहादू म्हणाला.

तसबीर हातोहात ट्रॉलीत गेली. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकापुढं कडूबाई उभी राहिली आणि वर बघू लागली.

"आन् मी कशाला धरू?"

"आजी, तुमी वर बसा. निवांत."

"मला न्हाई बसायचं. मी चालती."

पण ढोल सुरू झाला होता आणि मागून रेटा येत होता. चार जणांनी तिला मायेनंच उचललं आणि ट्रॉलीत ठेवलं. मागं तोंड करून बसली ती. मिरवणूक पुढं गेली, आणि ती फियाटकडं बघत बघत लहान होत गेली.

"गाडी काढा, मामा, रस्ता मोकळा करा," हवालदार म्हणाला. मिरवणुकीमुळं घराकडचा रस्ता बंद होता. उरला नेवाशाचा. सहादूनं किल्ली जावयाच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या शिटावर जाऊन बसला.

मोकळ्या रस्त्याला लागल्यावर गाडीनं जे काही केलं, ते तिच्या उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. मोटारसायकली मागं पडल्या, उसाचा ट्रक मागं पडला, ढोलाचा आवाज मागं पडला. इंजिन कुठं अडखळेना. सुतासारखं चाललं होतं.

"मामा," संदीप म्हणाला. "जुन्या बाजारात तसलंच जड चाक बघतो मी. पुढच्या वर्साला बसवू."

"बघा की."

थोड्या वेळानं सहादू समोर बघत म्हणाला, "लई चांगली पळती, पाव्हनं. कारागिरी हाय तुमच्या हातात."

संदीपनं नजर रस्त्यावरून खाली घेतली आणि तेवढ्यात त्याला बॉनेट दिसलं. वाऱ्यानं झेंडूच्या माळा तुटत होत्या. फुलं सुटून काचेवर आपटत होती. त्यानं घाईनं पाय उचलला. तशी गाडी खोकली, अंग झटकू लागली.

"असू द्या," सहादू म्हणाला. "बंद पडंल."

संदीपनं पुन्हा पाय दिला. गाडी पळू लागली. पाकळ्या काचेला चिकटत गेल्या, समोरचा रस्ता पिवळा होत गेला. संदीपनं वायपरच्या बटणाकडं हात नेला, तो सहादूनं मनगटाला धरून अलगद बाजूला ठेवला.