शरयूकाकूंचा कोरियन मास्तर

अमेरिकेतल्या एडिसनच्या राजारामकाकांना एकाहत्तराव्या वर्षी सवत आली. पुरुषाला सवत येत नाही म्हणतात, पण ही आली. ती कोरियन होती, मिशीवाली होती आणि टीव्हीत राहत होती.

म्हणजे सिनेमातला एक गुंड. पोलिसांना चुकवायला शाळेत मास्तर होऊन शिरलेला. पाठभर ड्रॅगन गोंदलेला, पण पाढे म्हणताना अडखळायचा. एखाद्या चिमुरडीनं चूक काढली, की हा पहाड कानांपर्यंत लाल! शरयूकाकूंनी तो सिनेमा पाच वेळा पाहिला.

“अगं बाई, किती गोड चुकतो!”

ते ऐकून काका असे जळले, की स्वयंपाकघरातला स्मोक अलार्म वाजला. शेगडी बंद होती. शेजारचा राजेश साक्षीला आहे.

काकाही मास्तरच होते की! रविवारच्या मराठी शाळेत बावीस वर्षं शिकवत होते. काकू मागे बसून हजेरी घ्यायच्या. पण ‘गोड’ हा शब्द त्यांनी फक्त काकांच्या चहाबद्दल काढला होता, तोही तक्रार म्हणून.

‘मी कधी चुकलोच नाही, तिथंच घोडं अडलं,’ काकांनी निदान केलं.

रविवारी त्यांनी फळ्यावर मराठी महिने लिहिले. चैत्रानंतर ठोकून दिला श्रावण. मग तिरक्या डोळ्यानं मागे पाहिलं. काकू हजेरीपटात. पोरांनी मुकाट उतरवून घेतलं. काकांनी चूक वाढवली. श्रावणानंतर लिहिलं, ‘थँक्सगिव्हिंग’.

“काका, इज धिस ऑन द टेस्ट?” वेदांतनं विचारलं.

बावीस वर्षांचा दरारा! काका म्हणतील ती पूर्व दिशा.

शेवटी काकूंनीच मान वर केली. “अहो! हे काय शिकवताय पोरांना?”

“चुकलो,” काका लाडात म्हणाले. “गोड चुकलो ना?”

“तो चुकला की लाजतो. तुम्ही चुकता आणि टाळीसाठी माझ्याकडे बघता!”

आणि मग काकांच्या टकलावर खरीखुरी लाली चढली. मानेपासून निघाली ती शेंडीच्या जागेपर्यंत. पोरं खिदळली. काकू तर इतक्या हसल्या, की पेन खाली पडलं.

काका दोन बाकं ओलांडून जवळ गेले. हळूच विचारलं, “शरयू, हे हसू माझं, की त्या मेल्याचं?”

काकूंनी डोळे पुसले.

“आधी फळा पुसा,” त्या म्हणाल्या. “मग सांगते.”