आत वळवलेली अंगठी

त्या दुपारी बाबांच्या दुकानात एक तरुण मुलगी तिने करायला टाकलेली अंगठी न्यायला आली. अंगठी बोटात घातली आणि तिचा चेहराच पडला.

"काका, अक्षर उलटं कोरलंय तुम्ही!"

"वा, नजर चांगली आहे," बाबा म्हणाले. त्यांना हे रोजचंच होतं. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून त्यांनी कागदावर लाल थेंब पाडला, त्यावर अंगठी दाबली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "हं, वाचकबाई, सांगा."

मी पुस्तकातून मान वर केली. लाखेवर अक्षर सुलटं उमटलं होतं आणि शेजारी तिच्या मांजराचं मिशाळ तोंड. "बरोबर," मी म्हटलं आणि पुन्हा पुस्तकात शिरले.

हा आमचा रिवाजच होता. जन्मभर मुद्रा कोरून बाबांना उलटं आणि सुलटं सारखंच दिसायला लागलं होतं. एकदा घाईघाईत त्यांनी दाराच्या काचेवर 'दुकान बंद आहे' असं रंगवलं, तेही उलटं. शेजारचे घड्याळकाका अजून सांगत फिरतात, "दुकान बंद असल्याचं फक्त आत बसलेल्या दुकानदाराला कळलं!" म्हणून कुठलीही अंगठी मी ठसा वाचून "बरोबर" म्हटल्याशिवाय दुकानाबाहेर जात नसे. शाळेत होते तेव्हापासून.

"पण आजकाल शिक्का मारतं कोण?" मुलगी म्हणाली. "मी आपली छान दिसते म्हणून घेतली."

"राजेही त्याचसाठी घ्यायचे. कारण मात्र राज्याचं सांगायचे." बाबा रंगात आले. "आणि लिहिता न येणारे व्यापारी? मालाच्या गाठीवर लाख ओतायची, अंगठी दाबायची. पोचेपर्यंत शिक्का शाबूत, तर माल शाबूत. तुमचा फोन बोट टेकवलं की उघडतो ना? तेव्हाही बोटाचंच काम होतं, फक्त बोटात अंगठी लागायची."

"मस्त!"

"आणि धनी गेला की मुद्रेवर आडवी रेघ मारायची. त्याच्या मागे त्याच्या नावाने कुणी हुकूम सोडायला नकोत."

"बापरे, माझ्या मांजरावर रेघ?"

"त्याला वेळ आहे हो. आधी लाख तरी गार होऊ द्या."

मुलगी हसली. मग तिचं लक्ष बाबांच्या हाताकडे गेलं. त्यांच्या बोटातली अंगठी नेहमी तळहाताकडे वळवलेली असायची. "तुमच्या मुद्रेवर काय आहे?"

"बाहेर ठेवली की धूळ बसते," बाबा म्हणाले आणि मूठ मिटली. मलाही ते लहानपणापासून हेच उत्तर देत आले होते.

संध्याकाळी दुकान बंद करताना त्यांनी विचारलं, "मांजर कसं झालं होतं गं?"

"बरोबर होतं की."

"तुझ्या तोंडून दुसरा शब्द निघेल तर शपथ!" असं म्हणून ते हसत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले.

पाहुणे पांगल्यावर मी दुकान उघडलं. आत्या रुमालात बांधून बाबांची अंगठी घेऊन आली. "रेघ मारायला हवी. इतक्या घरांतल्या मुद्रांवर त्यानेच मारली. आता त्याच्या अंगठीवर कोण मारणार?"

तिने शेजारून आलेल्या घड्याळकाकांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात वर केले. "माझा हात घड्याळाचा. रेघसुद्धा टिकटिक करत मारेल. पोरीला कोरणी धरता येते, तिलाच मारू दे."

मी अंगठी पकडीत घट्ट बसवली, कोरणी उचलली, पण हात पुढे जाईना. एकदा रेघ पडली की ही मुद्रा पुन्हा कधीच धड उमटणार नव्हती, आणि मी तिचा ठसा एकदाही पाहिला नव्हता.

"आधी ठसा घेते," मी म्हटलं.

मेणबत्ती, लाख, कागद. अंगठी दाबून उचलली आणि आम्ही तिघंही त्यावर वाकलो. आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर होतं. चक्क उलटं.

"अगं, अंगठी नीट धरलीस ना?" आत्या म्हणाली.

"कशीही धरली तरी असं होणार नाही, आत्या. कोरतानाच सुलटं कोरलंय."

आत्याने तोंडावर हात ठेवला आणि तिला हसू आवरेना. "अगं बाई! ही त्याची पहिली अंगठी! शिकत होता तेव्हाची. उस्तादांनी असा झापला होता, दोन दिवस धड जेवला नाही. मला वाटलं वितळवून टाकली असेल."

"बघा लबाड!" घड्याळकाका डोळे पुसत म्हणाले. "दाराच्या काचेवरून मला जन्मभर हसू दिलं, आणि खरी गंमत मुठीत दाबून बसला!"

"मग रेघ?" आत्याने विचारलं.

"कशाला?" मी म्हटलं. "या शिक्क्याने कुणी हुकूम सोडलाच, तर तो वाचणार कोण?"

मी कोरणी जागेवर ठेवली. अंगठी बोटात घातली, मुद्रा बाहेर ठेवून. अक्षराभोवती एक नाजूक वेल होती. नवशिक्या हाताची, पण पानापानाला शीर काढलेली. एवढी मेहनत करून त्यांनी ती कुणालाच दाखवली नव्हती.

मग लाखेचा कागद मी टेबलापलीकडे, त्यांच्या खुर्चीसमोर सरकवला.

"चुकलंय, बाबा," मी मोठ्याने म्हटलं. "आणि फार सुंदर झालंय."