बटणांच्या बाटल्या

"गोळी आहे की कोटाचं बटण? घशात अडकून जीव जायचा एखाद दिवशी," सासूबाई पाण्याचा तिसरा घोट घेत पुटपुटल्या.

मी शिवता शिवता हसले, आणि मशीनवरचा पायच थांबला. त्यांची रक्तदाबाची गोळी तर मुगाएवढी असते.

आमचं शिवणकाम पुढच्या खोलीत. माप द्यायला येणाऱ्यांची नजर फळीवर फिरते, म्हणून भावजींच्या औषधावरचं लेबल मी नखाने खरवडते आणि गोळ्या बटणांच्या रिकाम्या बाटलीत ओतते. एकच बाटली डोळ्यात भरू नये म्हणून सासूबाईंच्या गोळ्याही तशाच. भावजींच्या बाटलीला काळा दोरा, सासूबाईंच्या बाटलीला पांढरा. सोमवारी नव्या गोळ्या भरल्या त्याही मीच. अतिशहाणी.

भावजी आत पडून होते. चार दिवस झाले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आम्ही नवरा-बायको काय समजायचं ते समजून गप्प होतो.

"भावजी, गोळी एवढीशी झाली, बोलला नाहीत?"

"वाटलं, बरा होतोय म्हणून कमी केली असेल," ते म्हणाले. "घरात कुणी काही बोलत नाही. म्हटलं, आपणही गुपचूपच खूश व्हावं."

मी दवाखान्यात फोन लावला. पँट आखूड करून घ्यायला आलेली बाई समोरच बसलेली, कान टवकारून. सासूबाई शेजारी. भावजींचं 'रक्त कमी झालंय' एवढंच त्यांना आम्ही दोन वर्षं सांगत आलोय.

"गोळ्यांची अदलाबदल झाली," मी आवाज चोरून म्हणाले. "सासूबाईंची रक्तदाबाची, आणि दिरांची ती... रक्ताची."

"रक्ताच्या पन्नास गोळ्या असतात, ताई," नर्स म्हणाली. "आजार कोणता?"

"तेच आपलं... अशक्तपणा."

"नीट सांगा ना. कुणी काय घेतलं ते कळल्याशिवाय मी काय सांगणार? त्यात म्हातारं माणूस आहे."

मी बाईकडे पाठ फिरवली. बाईने पँटची घडी मोडली, पुन्हा घातली.

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. चष्मा सारखा केला, जणू फोन वाचायचाच आहे.

"माझ्या धाकट्याला एड्स आहे," त्या म्हणाल्या. "चार दिवस त्याच्या गोळ्या मी खाल्ल्यात आणि माझ्या त्याने. आता दोघांनी काय करायचं, सांगा."